न्यूयॉर्कमधली पाच हजार मते

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. दसरा नुकताच होऊन गेला होता. एका सकाळी अमेरिकेतून माझ्या भाचीचा फोन आला. ती मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या एका गावात राहते. वीस-बावीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून गेली, तिथेच नोकरी लागली, तिथेच संसार थाटला आणि आता ती तिथली नागरिक आहे. ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘मामा, एक विचारू का? आजवर मी ज्या पक्षाला मत देत आले, त्या पक्षाला या वेळी मत द्यायला माझा हात धजत नाही. गाझामधल्या युद्धात त्यांच्या सरकारनं जे केलं, ते मला सहन होत नाही. दुसरा उमेदवार तर मला नकोच आहे. मग मी काय करू? घरी बसू? का तिसऱ्याच कुणाला देऊन मोकळी होऊ?’’

मी हातातला चहाचा कप खालीसुद्धा न ठेवता सांगून टाकले, ‘‘अगं, त्यात एवढा विचार कसला करतेस? मत वाया घालवू नये. दोघांत जो कमी वाईट, त्याला द्यावं.’’

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मामा, हे तर इथं टीव्हीवर रोज सांगतात. तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात. मला वाटलं, तुम्ही काही वेगळं सांगाल.’’

श्रोतेहो, खरे सांगतो, मी ओशाळलो. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, की मत मांडण्याआधी पुरावा पाहा. आणि घरातली मुलगी मनापासून काही विचारते, तेव्हा मी म्हण सांगावी तसे उत्तर देऊन मोकळा झालो. त्या दिवशी दुपारी कपाटातली अमेरिकेच्या इतिहासाची जुनी पुस्तके काढली. त्यांत जे सापडले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी तिचा पेच काय आहे, ते पाहू. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक असतात. सगळे मिळून ५३८. त्यांपैकी किमान २७० ज्याला मिळतील, तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली, तर राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. समजा, लोकसभेच्या निवडणुकीत सारा महाराष्ट्र हा एकच मतदारसंघ असता आणि एका मताने पुढे असलेल्या पक्षाला ४८ च्या ४८ जागा मिळाल्या असत्या, तर कसे झाले असते? तसेच हे आहे. त्यामुळे बहुतेक राज्यांचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो आणि खरी झुंज पाच-सात राज्यांत होते. त्यांना स्विंग स्टेट म्हणतात. आपण कुंपणावरची राज्ये म्हणू. माझी भाची राहते ते मिशिगन त्यांतलेच एक, १५ निर्वाचकांचे. कॅलिफोर्नियातल्या मतदाराने रागाने मत दुसरीकडे टाकले, तर तो राग कागदावर राहतो. मिशिगनमधल्या मतदाराच्या रागाने मात्र राज्य या पारड्यातून त्या पारड्यात जाऊ शकते.

हा पेच नवा नाही. सन १८४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या काही हजार माणसांपुढे तो अगदी याच रूपात उभा होता.

त्या वर्षी अमेरिकेत मोठा प्रश्न होता टेक्ससचा. टेक्सस १८३६ मध्ये मेक्सिकोपासून फुटून निघाले होते आणि तिथे गुलामगिरी चालत होती. ते अमेरिकेत घ्यायचे, म्हणजे गुलामगिरीला नवा मुलूख द्यायचा आणि मेक्सिकोशी युद्धाचा धोका पत्करायचा. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जेम्स पोक हे टेक्सस घ्यावे अशा ठाम मताचे होते. त्यांच्यासमोर व्हिग पक्षाचे हेन्री क्ले. केंटकीचे मोठे पुढारी, तडजोडीत निष्णात; पण स्वतः गुलाम बाळगणारे. एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून टेक्सस घेण्याला विरोध केला. उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधी व्हिगांना हायसे वाटले. पण दक्षिणेतली मते निसटतील या भीतीने जुलैमध्ये क्ले यांनी अलाबामातल्या मित्रांना पत्रे लिहिली. युद्ध न होता, देशाची अप्रतिष्ठा न होता, सर्वांच्या संमतीने टेक्सस आले तर आपली काही हरकत नाही, असा त्यांचा सूर होता. ती पत्रे छापून आली आणि उत्तरेत ठिणगी पडली.

गुलामगिरी पापच आहे असे मानणाऱ्यांचा एक छोटा पक्ष होता, लिबर्टी पार्टी. त्यांचे उमेदवार जेम्स बर्नी. हे गृहस्थही मूळचे केंटकीचेच आणि एके काळी गुलामांचे मालक. पण १८३४ मध्ये त्यांनी आपले गुलाम मुक्त केले आणि उरलेले आयुष्य या चळवळीला वाहिले. पुढे ते मिशिगनमध्ये जाऊन राहिले. माझी भाची राहते त्याच राज्यात! बर्नी निवडून येणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पण त्यांच्या मतदारांचे म्हणणे सरळ होते. गुलामांच्या मालकाला आम्ही मत देणार नाही. चांगल्या फळासाठीसुद्धा वाईट कृत्य करायचे नसते, हा बायबलचा आधार त्यांच्यापाशी होता.

निकाल काय लागला? न्यूयॉर्कमध्ये पोक यांना क्ले यांच्यापेक्षा ५,१०६ मते जास्त पडली. बर्नी यांना त्या राज्यात पडली १५,८१२. न्यूयॉर्कचे ३६ निर्वाचक पोक यांना मिळाले. देशात पोक १७०, क्ले १०५. ते ३६ क्ले यांच्याकडे गेले असते, तर क्ले १४१, पोक १३४. म्हणजे बर्नींच्या तीन मतदारांपैकी एकाने जरी नाक मुरडत क्ले यांना मत दिले असते, तरी राष्ट्राध्यक्ष बदलला असता.

पुढचा इतिहास वेगाने घडला. पोक यांचा विजय म्हणजे टेक्ससला कौल, असे धरून त्यांनी सूत्रे हाती घेण्याआधीच, १८४५ च्या मार्च महिन्याच्या पहिल्याच दिवशी, मावळते अध्यक्ष टायलर यांनी टेक्सस घेण्याच्या ठरावावर सही केली. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध जुंपले. १८४८ मध्ये तह झाला, तेव्हा मेक्सिकोचा प्रचंड प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात आला आणि त्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी, या भांडणातून देश यादवी युद्धाकडे ढकलला गेला.

इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी एक छत्तीस वर्षांचा वकील हे सारे पाहत होता. तो क्ले यांचा कार्यकर्ता. ऑक्टोबर १८४५ मध्ये त्याने लिबर्टी पार्टीच्या एका परिचिताला पत्र लिहिले. त्यात त्याने सरळ हिशेब मांडला. न्यूयॉर्कमधले गुलामगिरीविरोधी व्हिग आमच्याबरोबर राहिले असते, तर आज क्ले अध्यक्ष असते आणि टेक्सस आले नसते. तुम्ही बायबलचे वचन सांगता, पण झाडाची परीक्षा फळावरून करावी, हेही बायबलच सांगते. क्ले यांना मत दिल्याचे फळ जर गुलामगिरीचा विस्तार रोखणे हे असते, तर ते मत देणे वाईट कसे? या वकिलाचे नाव अब्राहम लिंकन.

वाचताना वाटते, की झाले, प्रश्न सुटला! लिंकन बरोबर, बर्नीवाले चूक. मलाही त्या दुपारी तसेच वाटले. पण इतिहासात जरा पुढे गेले, की चित्र इतके सोपे राहत नाही.

पहिली गोष्ट, दोष फक्त त्या १५,८१२ माणसांचा कसा? त्यांतले सगळे काही पूर्वीचे व्हिग नव्हते. बर्नी नसते तर कित्येक जण घरीच बसले असते. शिवाय एप्रिलमध्ये एक आणि जुलैमध्ये दुसरे लिहिणारे क्ले यांनी स्वतःच्या हाताने ती मते घालवली. आपल्याशिवाय हे जातील कुठे, असे गृहीत धरणाऱ्या उमेदवाराला अधूनमधून उत्तर मिळतेच.

दुसरी गोष्ट, ही माणसे रागावून घरी बसली नाहीत. १८४० मध्ये बर्नींना देशभरात सात हजारांच्या आसपास मते होती. १८४४ मध्ये ती ६२ हजार झाली. १८४८ मध्ये बफेलो इथे त्यांतल्या बहुतेकांनी इतरांशी हातमिळवणी करून फ्री सॉईल पार्टी काढली आणि त्या पक्षाला दोन लाख नव्वद हजारांवर मते पडली. ओहायोच्या विधिमंडळात या पक्षाचे थोडेसेच सदस्य होते. पण दोन्ही मोठ्या पक्षांना त्यांची गरज होती. त्यांनी सौदा केला. कृष्णवर्णीयांविरुद्धचे बरेचसे जाचक कायदे रद्द करून घेतले आणि १८४९ मध्ये आपला सॅमन चेस सिनेटवर पाठवला. हाच चेस पुढे लिंकनचा अर्थमंत्री झाला. १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, त्याच्या पायात हे सगळे दगड आहेत. गंमत अशी, की १८४५ मध्ये ज्यांना लिंकन समजूत घालत होता, त्यांच्या या खटपटीवाचून १८६० मध्ये तो अध्यक्ष होता ना.

पण तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १८४४ मध्ये ज्यांना क्ले चालले नाहीत, त्यांनी १८४८ मध्ये उमेदवार म्हणून कोणाला स्वीकारले? मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना. १८३७ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना, राजधानीतली गुलामगिरी दक्षिणेच्या मर्जीविरुद्ध हटवण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला आपण विरोध करू, असे बजावणारे हेच गृहस्थ! म्हणजे निष्कलंक उमेदवाराचा आग्रह चार वर्षांत त्यांनीच सोडला. त्यांची तत्त्वे सुटली नव्हती. पण केवळ नाकारून गुलामाच्या पायातली बेडी तुटत नाही, हे त्यांना कळले होते.

इथे एक गोष्ट विसरता येत नाही. या साऱ्या हिशेबात ज्यांचे आयुष्य पणाला लागले होते, त्या गुलामांना मत नव्हते. खुद्द न्यूयॉर्कमध्येसुद्धा कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे. गोऱ्याला अशी अट नव्हती. बायकांना तर मतच नव्हते. म्हणजे आपला विवेक स्वच्छ ठेवण्याचा प्रश्न मतदाराचा होता आणि परिणाम भोगणारे दुसरेच होते.

म्हणूनच मला फ्रेडरिक डग्लस यांचे वागणे महत्त्वाचे वाटते. ते स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले, चळवळीतले सर्वांत मोठे कृष्णवर्णीय पुढारी. १८६४ साली लिंकन पुन्हा उभा राहिला, तेव्हा डग्लस त्याच्यावर नाराज होते. कृष्णवर्णीय सैनिकांना कितीतरी महिने गोऱ्यांपेक्षा कमी पगार दिला गेला होता. युद्धानंतर त्यांना मताचा हक्क मिळेल याची हमी नव्हती. मे महिन्यात लिंकनवर चिडलेल्या लोकांनी क्लीव्हलंड इथे जमून जॉन फ्रेमाँट यांना स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे केले, त्याला डग्लस यांची सहानुभूती होती. काळ काय उलटा फिरतो पाहा. १८४५ मध्ये तत्त्वनिष्ठांना तडजोडीचे धडे देणारा लिंकन आता स्वतःच क्ले यांच्या जागी उभा होता.

ऑगस्टमध्ये लिंकनने डग्लस यांना भेटीला बोलावले. युद्ध रेंगाळले होते, माणसे मरत होती. आपण निवडणूक हरणार, असे लिंकन धरून चालला होता. त्याच आठवड्यात त्याने तशी चिठ्ठी लिहिली आणि मंत्र्यांना मजकूर न दाखवताच त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या. डग्लस यांना त्याने विचारले, की मी पडलो तर पुढचे सरकार गुलामांना वाऱ्यावर सोडील. तोवर दक्षिणेतून जास्तीत जास्त गुलाम कसे बाहेर काढता येतील? त्या महिन्याच्या शेवटी डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोत युद्ध थांबवण्याच्या जाहीरनाम्यावर जनरल मॅकलेलन यांना उभे केले. सप्टेंबरमध्ये अटलांटा पडले, फ्रेमाँट यांनी माघार घेतली आणि डग्लस लिंकनच्या बाजूने उभे राहिले. लिंकन आरामात निवडून आला. न्यूयॉर्क मात्र त्याला सात हजारांहून कमी मतांनी मिळाले. ते गेले असते तरी तो जिंकलाच असता. पण ऑगस्टमध्ये हे कोणाला ठाऊक होते? ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली.

डग्लस यांनी लिंकनला मोठे मानले, पण देव मानले नाही. १८७६ मध्ये लिंकनच्या स्मारकाच्या अनावरणाला, खुद्द राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना, ते मोकळेपणाने म्हणाले, की गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या नजरेतून पाहिले तर लिंकन मंद आणि थंड वाटतो. पण देशाच्या त्या वेळच्या मनोवृत्तीच्या मानाने पाहिले तर तो झपाट्याने पुढे गेला. एकाच माणसाला पाठिंबा देणे आणि त्याचे न्यून जाहीरपणे सांगणे, या दोन्ही गोष्टी डग्लस यांना जमल्या.

आता जवळच्या काळात येऊ. सन २००० मध्ये फ्लोरिडात जॉर्ज बुश यांनी अल गोर यांना ५३७ मतांनी हरवले आणि त्यासरशी ते अध्यक्ष झाले. ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना त्या राज्यात ९७,४८८ मते होती. तेव्हापासून नेडर यांच्या मतदारांना दोष दिला जातो. त्यातही अर्धेच सत्य आहे. त्या मतपत्रिकेवरच्या प्रत्येक छोट्या उमेदवाराला ५३७ हून जास्त मते पडली होती. पाम बीचमधल्या गोंधळात टाकणाऱ्या मतपत्रिकेनेही घोटाळा केला. पण मला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. देशभरात २८ लाखांवर मते मिळवणाऱ्या नेडर यांना २००४ मध्ये पाच लाखसुद्धा मिळाली नाहीत. १८४४ च्या माणसांनी मतानंतर संघटना वाढवली. २००० मधली मते मात्र चार वर्षांत विरून गेली. मोडता घातला गेला, पण त्या मोडत्यातून उभे काही राहिले नाही.

त्या निवडणुकीत काही मतदारांनी एक युक्ती काढली होती. कुंपणावरच्या राज्यातला नेडर-समर्थक गोर यांना मत देई आणि त्याच्या बदल्यात सुरक्षित राज्यातला गोर-समर्थक नेडर यांना. काही अधिकाऱ्यांनी याला बेकायदा ठरवले. २००७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की असा आपसातला करार हे विचारस्वातंत्र्यच आहे. मला ही युक्ती आवडते. तीत एक समज आहे, की आपण कोणत्या राज्यात उभे आहोत, यावर आपल्या मताचा अर्थ ठरतो.

एवढे वाचून झाल्यावर चार दिवसांनी मी भाचीला फोन केला. आधी माफी मागितली. मग तिला न्यूयॉर्कच्या त्या पाच हजार मतांची गोष्ट सांगितली. म्हटले, ‘‘मत म्हणजे उमेदवाराला द्यायचं चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. तसं मानलं तर कोणालाच देता येणार नाही. तू एवढंच बघ, की दोघांपैकी कोण खुर्चीवर असताना तुला तुझं भांडण पुढं चालवता येईल, आणि ज्यांच्यासाठी तू भांडतेस, त्यांचं काय होईल. दुसरं म्हणजे, उमेदवाराला जाब विचारायची वेळ नोव्हेंबर नव्हे. ती त्याच्या आधी असते आणि नंतरही.’’

ती म्हणाली, ‘‘आधी विचारला ना, मामा. फेब्रुवारीत पक्षांतर्गत मतदान झालं, तेव्हा मिशिगनमध्ये आम्ही लाखावर लोकांनी ‘कोणालाच नाही’ या रकान्यात मत दिलं. त्यांनी काय ऐकलं?’’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिचे म्हणणे खरेच होते. ती चळवळ चालवणाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये कमला हॅरिस यांना पाठिंबा देणे नाकारले. पण ट्रम्प यांनाही विरोध केला आणि तिसऱ्या पक्षाकडे जाण्याचीही शिफारस केली नाही. इतकी गाठ घट्ट होती. क्ले यांच्या जुलैतल्या पत्रांनी ज्यांचे मन मोडले, त्यांना काय वाटले असेल, ते मला त्या दिवशी पुस्तकापेक्षा भाचीच्या आवाजातून जास्त कळले.

मिशिगन ट्रम्प यांनी सुमारे ८० हजार मतांनी जिंकले. ते हॅरिस यांना मिळाले असते, तरी त्या अध्यक्ष झाल्या नसत्या. म्हणजे १८४४ चे गणित इथे लागू पडले नाही. पण मत देताना हे कोणालाच ठाऊक नसते, आणि पेच असतो तो नेमका त्याच क्षणाचा.

तिने कोणाला मत दिले, ते मी विचारले नाही. मत गुप्त असते, घरातल्या माणसापासूनही. जानेवारीत तिचा फोन आला, तेव्हा ती गावातल्या पक्षाच्या बैठकीला जाऊन आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच. पुढच्या वेळी उमेदवार ठरवताना आम्हालाही विचारा, असे सांगायला गेली होती. मी विचारले, ‘‘किती जण होता?’’ म्हणाली, ‘‘पंधरा.’’ मग जरा थांबून विचारले, ‘‘मामा, ते बर्नी... त्यांना पहिल्यांदा किती मतं पडली होती म्हणालात?’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)